फडताळाचं दार

१

आमच्या स्वयंपाकघरातलं फडताळ वनूताईच्या वजनावर चालायचं. ज्यांचं आयुष्य सिमेंटच्या घरात गेलं त्यांना ही थाप वाटेल, पण लाकडी सांगाड्याचं घर असंच असतं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिची वेताची खुर्ची होती. ती खुर्चीत टेकली, की खालची तुळई किंचित दबायची. मग तुळईवर उभी असलेली मधली फळ्यांची भिंत केसभर कलायची आणि त्या भिंतीतल्या फडताळाचं दार हळूच उघडायचं. आत दूध, दही, लोणी, आणि मागच्या खिडकीत वाट बघत बसलेलं मांजर. मी स्टोव्हपासून ओरडायची, "वनूताई, सरक जरा, फडताळ लागू दे!" ती कुरकुरत खुर्ची भिंतीकडे ओढून घ्यायची आणि दार आपलं आपण लागायचं. दाराला पूर्वी कडी होती. पण भिंत हलली की ती अडकून बसायची, म्हणून बाबांनी ती कधीच काढून टाकली.

आमचे बाबा काशीराम परब गिरणीच्या सुतारखात्यात होते. मुलुंडच्या अलीकडे, नाहूरच्या अंगाला नुसती भातखाचरं होती तेव्हा त्यांनी तिथे जागा घेतली आणि हे घर बांधलं. सागवानी खांब, त्यांवर तुळया आणि वासे, सांध्यांत लाकडी खुंट्या. खांबांच्या मधे नुसत्या विटा भरलेल्या. "विटा पडल्या तर पडोत, सांगाडा उभा राहिला पाहिजे," असं ते म्हणायचे. खाली भाडेकरू, वर आम्ही, आणि बाजूने चढणारा लाकडी जिना.

बाबा गेल्यावर आम्ही दोघी बहिणी उरलो. वनमालाताईचं लग्न होऊन मोडलं आणि माझं झालंच नाही, त्यामुळे दोघींचं छान जमायचं. म्हणजे भांडण रोज व्हायचं, पण रुसून जायला दोघींनाही दुसरी जागा नव्हती. मी औषधाच्या एका कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावणाऱ्या बायकांवर देखरेख करायची, ती घरी बसून माझ्यावर.

सदुसष्ट साली गणपती झाल्यावर तिला ताप भरला आणि त्यातच ती गेली. लोक आले, बसले, उठून गेले. नंतर मला सगळ्यांत जास्त छळलं ते या फडताळाने. ते बंदच राहायला लागलं. मी दूध ठेवायची, दार लोटायची, आणि ते लागलेलं राहायचं. घरात ओरडायला काही कारणच उरलं नाही. एकदा रविवारी संध्याकाळी माझ्या ध्यानात आलं, की सकाळपासून आपण तोंडातून शब्द काढलेला नाही. त्या दिवशी मी स्टोव्हसमोर बसून खूप रडले.

२

त्याच डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला.

पहाटेची वेळ होती. वनूताई गेल्यापासून मला पुढच्या खोलीत झोप लागत नसे, म्हणून मी स्वयंपाकघरातच जमिनीवर गादी घालायची. आधी मांडणीवरची भांडी वाजली. मला वाटलं, मालगाडी जातेय. मग घर बोलायला लागलं. खालपासून वरपर्यंत एकेक सांधा करकरला, कौलांखालची माती अंगावर पडली, आणि गादीसकट मी मागच्या भिंतीकडे घसरू लागले. घराची मागची बाजू खाली चालली होती.

अशा वेळी माणसं देवाचं नाव घेतात. माझ्या तोंडून "वनूताई!" एवढंच आलं, तेही जिवाच्या आकांताने.

खाली धप्प असा एक आवाज झाला. घसरणं थांबलं. मग पाठीखालची जमीन सावकाश वर आली आणि पहिल्यासारखी सपाट झाली. भांडी अजून हलत होती, मांजर कुठेतरी ओरडत होतं, आणि मी दोन्ही हातांनी गादी धरून पडून होते.

उजाडल्यावर सगळी आळी रस्त्यावर होती. शेजारच्या वाडीची कुंपणाची भिंत आडवी झाली होती. समोरच्या नव्या कोऱ्या बंगल्याला जिन्यापाशी तडा गेला होता. आमच्या मागच्या भिंतीतल्या थोड्या विटा निखळल्या होत्या आणि कौलं सरकली होती, बस्स. जो तो येऊन आमच्या खांबांवर थापा मारून जात होता. "लाकडाचं घर लवतं हो, म्हणून टिकतं," असं जो तो दुसऱ्याला सांगत होता. मला बाबांचा फार अभिमान वाटला. हे वनूताईला सांगायला पाहिजे, असंही मनात येऊन गेलं.

३

खालच्या खोलीत तुळशीदास आणि त्याची बायको पार्वती राहायची. दोघं कुडाळकडची, तो गिरणीत. भूकंपानंतर थोड्याच दिवसांत पार्वती चावी घेऊन वर आली.

"बाय, मी गावाक जातंय. ह्येंका भावाकडे ठेवलंय. चावी तुमच्याकडे ऱ्हांदे."

"अगं, झाला तो भूकंप. आता काय रोज होणार आहे?"

"भूकंपाचा नाय हो." ती दारातच उभी राहिली, आत येऊन बसली नाही. "माळो खाली इल्यासारखो वाटता."

"माळा कसा खाली येईल? घर बघ, कसं ताठ उभं आहे."

"आनी रात्री दिवो मालवलो काय, खोली भरल्यासारखी वाटता."

"भरल्यासारखी म्हणजे?"

तिने चावी माझ्या हातात ठेवली. मी तिला चहा विचारला, तो तिने घेतला नाही. मला तिचा रागच आला. गावाला जायला निमित्त पाहिजे असेल, दुसरं काय, असं मी मनाशी म्हटलं आणि चावी कनवटीला लावली. त्या दिवसापासून त्या अख्ख्या घरात मी एकटी राहायला लागले.

४

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. मी कारखान्यातून आले, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात गेले, तर फडताळाचं दार उघडं होतं.

नुसतं किलकिलं नव्हतं. वनूताई बसायची तेव्हा उघडायचं तितकं, टीचभर उघडं. दुधावरची साय मांजराने खाल्ली होती.

मी दार लोटलं. ते परत उघडलं. पुन्हा लोटलं, पुन्हा उघडलं. मग पुढच्या खोलीत डोकावले. खिडकीपाशी खुर्ची होती. खुर्चीत कुणी नव्हतं. रस्त्यावरून कुणाची तरी सायकल गेली.

मला समजत होतं. भूकंपाने सांधे सैल झाले असतील. थंडीत लाकूड आकसतं. कोयनेकडे अजून धक्के बसताहेत असं पेपरात रोज येत होतं, त्यातला एखादा बारीकसा आपल्याकडे पोचला असेल. कारखान्यात एखाद्या पोरीने मला असलं काही सांगितलं असतं, तर मी तिला दिवसभर फैलावर घेतलं असतं. हे सगळं समजत असताना मी स्टोव्हपाशी परत आले आणि ओरडले,

"वनूताई, सरक जरा, फडताळ लागू दे!"

किती दिवसांनी माझा आवाज त्या घरात घुमला. क्षणभर काहीच झालं नाही. मग दार हललं. ते सावकाश, अगदी सावकाश आलं आणि चौकटीत जाऊन बसलं.

मी जमिनीवर फतकल मारली आणि हसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते. त्या संध्याकाळइतकी खूश मी कित्येक महिन्यांत झाले नव्हते.

५

मग आमचं बस्तान बसलं. सकाळी दूध तापवायला उठले, की दार उघडं असायचं. वनूताई येऊन बसली, असं मी समजायची. कामावरून आले, तरी उघडंच. मी पुढच्या खोलीत जाऊन खुर्चीसमोर बसायची. पेपर मोठ्याने वाचून दाखवायची, मधे मधे कारखान्यातल्या बायकांच्या चुगल्या. "आज त्या रतनने शंभर बाटल्या उलट्या लेबलाच्या काढल्या, सांग, काय करू तिचं?" असं काहीबाही. मांजराला मी परवडेल तितकं दूध पिऊ दिलं. झोपायच्या वेळी मात्र दार लागायला हवं, म्हणून हाक मारायची. दार लागायचं. वनूताई उठून गेली, आता रात्रभर आपण एकट्या, असं म्हणून मी गादीवर पडायची.

खरं सांगायचं तर काही गोष्टी जुळत नव्हत्या, आणि मी त्या जुळवायलाही जात नव्हते.

खुर्ची कधी वाजायची नाही. वनूताई बसायची तेव्हा तो वेत कसा कुरकुरायचा! आता दार उघडं असताना मी खुर्चीवर हात ठेवून बघायची, तर वेत गार आणि ताठ. त्या खोलीत बसून मी तासभर बोलायची, पण समोर कुणी ऐकतंय असं मला कधी आतून वाटलं नाही. हे मी स्वतःशीसुद्धा कबूल करत नसे.

उलट रात्री, दार लागल्यावर, मला एकटं वाटायला हवं होतं आणि वाटायचं नाही. थंडीचे दिवस असूनही गादीखालच्या फळ्या ऊबदार लागायच्या. फळ्यांच्या फटींतून डोक्याच्या तेलाचा वास यायचा. तुळशीदासच्या बिऱ्हाडाचा राहिला असेल, असं मी म्हणायची. उशाशी तांब्यात पाणी ठेवलेलं असायचं, ते कडेला लागायचं आणि परत जायचं. पुन्हा लागायचं, पुन्हा जायचं. रेल्वे जवळ आहे, असं मी म्हणायची. आणि मांजराने रात्री आत झोपणं सोडून दिलं होतं.

६

होळी झाल्यावर समोरचा चंद्रप्रकाश आला. अंगाने ताडमाड, नोकरीने इंजिनियर. भूकंपानंतर त्याच्या हापिसाने त्याला कोयनेकडे पडलेली घरं बघायला पाठवलं होतं. परत आला तो काळवंडून.

"नलूमावशी, तुमचं घर नीट बघायचंय मला. ह्या टाइपची घरं तिकडे खूप बघितली."

"टिकली का रे?"

"काही टिकली. दगडमातीच्या भिंती कोसळल्या, पण आत लाकडाचा सांगाडा होता तिथे छप्पर खांबांवर तसंच उभं. भिंती गेल्या, नुसता मांडव राहिला. आतली माणसं वाचली. पण जिथे खांबाचा पाय दगडावरून निसटला ना मावशी, तिथे घर एकदम बसलं. वाट लागली सगळ्यांची."

मी त्याला पाणी दिलं. पाणी पिता पिता त्याची नजर फडताळावर गेली. भर दुपारची वेळ, दार उघडं होतं.

"हे कधीपासून उघडतंय?"

"पूर्वीपासून. वनूताई पुढे बसली की उघडायचं." मी त्याला तुळईचं आणि खुर्चीचं सांगितलं.

"करेक्ट," तो म्हणाला. "वजन आलं की तुळई दबते. पण आत्ता तिथे कोण बसलंय?"

त्याने जाऊन खुर्ची उचलून भिंतीला लावली. दार तसंच उघडं राहिलं. जमिनीवर त्याने खिशातली काचेची गोटी ठेवली, तर ती घरंगळत मागच्या भिंतीला जाऊन लागली.

"पुढे वजन आल्यामुळे नाही उघडलेलं हे. घराची मागची बाजू खचलीय, तुळई तिकडून दबलीय. खालची खोली उघडा जरा."

पार्वती गेल्यापासून ती खोली मी उघडलीच नव्हती. चावी कुलपात फिरायला वेळ लागला. आत चूल, रिकामी मांडणी, भिंतीवरचं जुनं कॅलेंडर. उजेडासाठी चंद्रप्रकाशने मागची खिडकी उघडली आणि कोपऱ्यातल्या खांबापाशी उकिडवा बसला.

"इकडे या," तो म्हणाला.

आमचे खांब दगडी तळखड्यांवर उभे होते, नुसते ठेवलेले. तो मागचा खांब तळखड्यावरून सरकून बाजूला आला होता. त्याचा पाय कुठेच टेकला नव्हता. चंद्रप्रकाशने आपला हात खांबाच्या खालून इकडून तिकडे नेला.

"खांबाने घराला धरायचं असतं. इथे घराने खांबाला धरलंय. वरच्या खुंटीला नुसता लोंबतोय हा. मावशी, हे घर त्या पहाटेच बसायला पाहिजे होतं. तुम्ही जिवंत कशा, मला समजत नाही."

"पण रात्री ते दार लागतं रे," मी म्हणाले.

"कुठलं? फडताळाचं? शक्यच नाही. तुळई बघा किती खाली आलीय. दार लागायचं तर ही अख्खी तुळई वर उचलायला पाहिजे. तुमच्या स्वयंपाकघरासकट, तुमच्यासकट. जॅक लावून चार माणसांचं काम आहे ते. तुम्हाला भास होत असेल."

माझ्या डोक्यात सगळं उलटं फिरत होतं. दार उघडं असतं, तेव्हा तुळईला कुणाचाच आधार नसतो. म्हणजे घरात कुणीही नसतं. मी जिच्याशी तासन्‌तास बोलले, ती खुर्ची रिकामी होती. आणि मी हाक मारते, दार लागतं, तेव्हा कुणीतरी येतं. पुढच्या खोलीत येत नाही. इथे येतं, या कुलूपबंद खोलीत, आणि तुळई उचलून धरतं. मी ज्या जागी गादी घालते, बरोबर तिच्याखाली. रात्रभर.

मी वर बघितलं. लोंबत्या खांबाशेजारी, तुळईच्या पोटाला, एक काळपट गोल डाग होता.

"ओल आलीय," चंद्रप्रकाश म्हणाला.

ती ओल नव्हती. असे डाग आमच्या घरात ठिकठिकाणी आहेत. बाबांच्या बाकामागे भिंतीवर आहे, खाटेच्या उशाकडे आहे. डोक्याला चोपून तेल लावणारं माणूस रोज एकाच जागी डोकं टेकतं, तिथे तो पडतो. चंद्रप्रकाशने डाग बघायला हात वर केला. टाचा उंचावल्या, तरी त्याची बोटं तिथपर्यंत पोचली नाहीत. आणि वनूताई माझ्यासुद्धा खांद्यालाच लागायची.

"उद्या सुतार घेऊन येतो," तो म्हणाला. "आजची रात्र आमच्याकडे झोपा. ऐकताय ना?"

"येते," मी म्हणाले.

७

मी गेले नाही. का गेले नाही, हे मी त्याला नंतर काहीतरी थातुरमातुर सांगितलं. खरं कारण असं, की चंद्रप्रकाशच्या घरात सात माणसं. त्यांच्या बैठकीत, त्यांच्या बोलण्याच्या कडेला, पाहुणीसारखं अंग चोरून पडायचं माझ्याने होईना. आणि दुसरं म्हणजे उद्या सुतार आल्यावर सगळंच संपणार होतं.

दिवस मावळायला आला. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले. फडताळाचं दार उघडं होतं, आणि त्याचा अर्थ मला पहिल्यांदाच ठाऊक होता. घरात कुणी नव्हतं. एवढे दिवस हेच दार बघून मला सोबत वाटायची.

आज हाक मारायची नाही, असं मी ठरवलं होतं. जे काय असेल ते असो, त्याला आपण होऊन बोलवायचं नाही. घर पडायचं असेल तर पडेल, आपण जिन्यापाशी बसू, आवाज आला की उतरू. असा सगळा शहाणा विचार करून मी उठले आणि त्याच वेळी फडताळातलं दुधाचं पातेलं आपलं आपण सरकलं. फळीच्या काठापर्यंत आलं, कलंडलं आणि खाली पडलं. दूध पसरत मागच्या भिंतीकडे गेलं. खालून खुंटी तडकल्याचा आवाज आला, मग आणखी एक. माझ्या पायांखालची जमीन मागच्या बाजूला उतरायला लागली, त्या पहाटेसारखीच, पण कसलाही धक्का नसताना, सावकाश.

जिना चार पावलांवर होता. मी गेले नाही. बाबांचं घर माझ्या डोळ्यांदेखत बसत होतं आणि मला ते बघवेना.

"वनूताई," मी म्हणाले. ओरडलेसुद्धा नाही.

खाली धप्प झालं. कुलूप वाजलं नाही, दार वाजलं नाही. मग मला ते गुडघ्यांत जाणवलं, जमीन मला घेऊन वर येत होती. सांडलेलं दूध थांबलं आणि माझ्या दिशेने परत यायला लागलं. फडताळाचं दार फिरलं आणि लागलं.

मी पालथी पडले आणि फळ्यांवर दोन्ही तळहात ठेवले. लाकूड ऊबदार होतं. ते अगदी किंचित वर येत होतं आणि खाली जात होतं, एका लयीत, झोपलेल्या माणसाच्या पोटावर हात ठेवावा तसं.

"दमलीस का गं?" मी फटीपाशी तोंड नेऊन विचारलं.

ती लय थोडा वेळ थांबली, म्हणजे खालच्याने श्वास रोखून ऐकलं असावं, आणि मग पुन्हा सुरू झाली. मला फार भीती वाटली. आणि तरी मी तिथून उठले नाही, कारण वनूताई गेल्यापासून माझ्या इतक्या जवळ कुणीच नव्हतं.

८

दुसऱ्या दिवशी चंद्रप्रकाश सुतारांना घेऊन आला. त्यांनी जॅक लावून तुळई उचलली, खांब तळखड्यावर परत बसवला, पायाला लोखंडी पट्ट्या ठोकल्या, आणि शेजारी आणखी एक जाड टेकू दिला. ठोकाठोकी संध्याकाळपर्यंत चालली. मी सगळ्यांना चहा दिला. जाताना चंद्रप्रकाशने वर येऊन जमिनीवर जोरजोरात उड्या मारून दाखवल्या.

"झकास! आता हत्ती आणून बांधा. आता बिनघोर झोपा."

फडताळाचं दार घट्ट लागलं होतं. सगळे गेल्यावर मी वनूताईच्या खुर्चीत मुद्दाम धपकन जाऊन बसले आणि आतून ते उघडल्याचा आवाज येतो का, ऐकत राहिले. आला नाही. दार पुन्हा कधीच उघडणार नव्हतं आणि मला पुन्हा कधीच हाक मारावी लागणार नव्हती. सुटले, असं मोठ्याने म्हणून बघितलं. ते खोटं वाटलं.

दिवेलागणीला मी समई लावली. स्टोव्ह पेटवायचा म्हणून काडेपेटी हातात घेतली, आणि जिन्याची खालची पायरी वाजली.

चंद्रप्रकाश असेल, मी म्हटलं, काहीतरी विसरला असेल. पण चंद्रप्रकाश दोन-दोन पायऱ्या ओलांडत यायचा. हे एका पायरीवर येऊन थांबत होतं. पायरी बराच वेळ करकरायची, मग विसावा, मग पुढची. दिवसभर उभं राहून आलं की माझे गुडघे असेच धरतात. आता खाली खांब होता, टेकू होता. तिथे कुणी उभं राहायची गरज उरली नव्हती. मी हाक मारली नव्हती. काम संपलं होतं, म्हणून ते वर येत होतं.

जिना संपला. पावलं दारापाशी थांबली. दार वाजलं नाही.

मी कडी बघितली. ती लावलेली होती, आणि मी ती काढली नसती, तर ते बाहेर किती वेळ थांबलं असतं, ते मला चांगलं माहीत होतं. त्याला उभं राहायची सवय होती.

काडेपेटी ठेवून मी लोटीत पाणी भरलं. हिवाळाभर कुणीतरी माझं घर डोक्यावर घेऊन उभं होतं आणि मी त्याला एकदाही पाणी विचारलं नव्हतं. ते वनूताई असेल असं मला आता वाटत नव्हतं. पण वनूताईच्या नावाला ओ देऊन आलेलं दुसरं कोण होतं? दुसरं कुणी आलंच कुठे होतं?

मी कडी काढली आणि दार उघडलं.

बाहेर उजेड जवळजवळ गेला होता. आधी मला पाय दिसले, खालच्या खोलीतल्या मातीने भरलेले. मग लांबच लांब पिंढऱ्या, मग गुडघे, मग पोट. तिथे दाराची चौकट संपत होती. त्याच्या वरचं काही मला दिसत नव्हतं. डोक्याच्या तेलाचा वास मात्र खोलीभर झाला.

मी लोटी पुढे केली. "पाणी घेतेस?" मी विचारलं.

मग ते चौकटीच्या वरून सावकाश वाकायला लागलं.